पन्नास लाखांच्या गाडीचं ॲव्हरेज

५० लाखांची गाडी घेणाऱ्याने ॲव्हरेज विचारू नये, असं एक मत सध्या पुण्यात फार आत्मविश्वासाने मांडलं जातं. मांडणारे गृहस्थ गाड्यांचे जाणकार आहेत, बोलतात छान, आणि मूळचे कसबा पेठेतले. त्यामुळे त्यांचं म्हणणं कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि शोरूमच्या सोफ्यावर जसंच्या तसं ऐकू येतं.

म्हणणं थोडक्यात असं. एवढे पैसे मोजणारा माणूस आराम, सुरक्षितता आणि रुबाब विकत घेतो. पेट्रोलचा हिशेब हा स्कूटरवाल्याचा विषय. तरीही कुणाला आकडा हवाच असेल, तर सरकारमान्य संस्थेने तपासलेला आकडा माहितीपत्रकात असतो, तो वाचावा. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळत असेल तर दोष ऑल-व्हील ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचा. ती नसलेलं मॉडेल घ्यावं, प्रश्न मिटला. आणि शहरात लाखो दुचाक्या धूर सोडत असताना मूठभर महागड्या गाड्यांच्या मागे लागून काय मिळणार?

मुद्दे चार, आणि चारही चुकीचे. शेवटचा तर एका वाक्यात निकालात निघतो: देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक वाटा आता एसयूव्ही आणि तत्सम गाड्यांचा आहे, तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा उरलेलाच नाही.

पहिल्या मुद्द्यात मात्र साध्या गणिताची चूक आहे, आणि ती अनेक शहाणी माणसं करतात. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी स्कूटर धरा. तिचं ॲव्हरेज ४५वरून ५५वर गेलं तर महिन्याला सुमारे ४ लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला १८ किलोमीटर देणारी छोटी गाडी २२ देऊ लागली तर १० लिटर वाचतं. आणि लिटरला ८ देणारी दणकट एसयूव्ही नुसती १०वर आली, तर वाचतात २५ लिटर! स्कूटरवाल्याने १०ची मजल मारून जे साधलं, त्याच्या सहापट काम मोठ्या गाडीच्या २ किलोमीटरांनी झालं. लिटरमागे किलोमीटर मोजण्याची पद्धत डोळ्यांना फसवते. मोठा आकडा आणखी मोठा झाला की माणसं टाळ्या वाजवतात, आणि खरी बचत दडलेली असते ती लहान आकडा थोडासा वाढण्यात. ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोन अभ्यासकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हेच दाखवून दिलं होतं. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर लागलं असं मोजतात. तिथे ही फसगत होत नाही.

म्हणजे ॲव्हरेज सर्वांत आधी कुणी विचारायला हवं? ज्याची गाडी सर्वांत कमी देते त्याने. नेमक्या त्याच माणसाला गप्प बसायला सांगणं, आणि तेही प्रतिष्ठेच्या नावाखाली, हे सरळसरळ चुकीचं आहे.

परवडण्याचा हक्क कुणी नाकारत नाही. पण भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, त्याचं परकीय चलन सगळा देश मोजतो. आणि धूर? साततोटी चौकातून फडके हौदाकडे जाताना अडकलेल्या गाडीच्या काचा बंद असतात, आत हवा गार असते. बाहेर तांबट आळीत भांड्यावर ठोके घालणारा कारागीर, पवळे चौकातला भाजीवाला, शाळेतून चालत घरी निघालेली मुलं. त्यांनी त्या गाडीसाठी कर्जाचा हप्ता भरलेला नाही, तिच्या सीटवर ती कधी बसणार नाहीत, पण इंजिन फुकट चालू राहिलं तर निघणारं जे काही आहे ते त्यांच्या छातीत जातं. पुण्याच्या सर्वांत जुन्या पेठेत बोळ इतके अरुंद आणि घरं इतकी रस्त्याला लागून आहेत, की गाडीचा धूर आणि घरातलं माजघर यांत कधी कधी एका खिडकीचंच अंतर उरतं. तेव्हा ‘माझं पेट्रोल, माझा पैसा’ हे वाक्य एखाद्या मोकळ्या माळावर कदाचित चालेल. कसब्यात ते चालू देता कामा नये.

आता दुसरा मुद्दा, आणि खरं भांडण इथेच आहे. सरकारमान्य संस्थेचा आकडा.

कसब्यातून मुठा ओलांडून पश्चिमेला गेलं की वेताळ टेकडीच्या अंगाला ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा परिसर लागतो. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था पुणेकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की टेकडीच्या त्या भागाला लोक ‘एआरएआय टेकडी’च म्हणतात. देशभर ‘एआरएआयचं ॲव्हरेज’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, त्यामागे जी चाचणी असते, तिच्याबद्दल गैरसमज इतके आहेत की ती नीट समजून घेतली पाहिजे. संस्थेवर अविश्वास दाखवण्याचं काही कारण नाही. नियमात लिहिलेली चाचणी ती काटेकोरपणे करते. प्रश्न आहे तो नियमात काय लिहिलंय याचा.

गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी केली जाते, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि चालक पडद्यावरच्या रेषेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. खोलीचं तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान राखलेलं असतं. एसी बंद. चाचणी २० मिनिटांच्याही आत संपते, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास. तिचे दोन भाग असतात. पहिला शहरातला: १९५ सेकंदांचं एकच वेळापत्रक चार वेळा, मिळून १३ मिनिटं आणि सुमारे ४ किलोमीटर, कमाल वेग ५०. दुसरा शहराबाहेरचा: ४०० सेकंद, कमाल वेग ९०. हे वेळापत्रक मुळात युरोपातलं. आपण त्यातला वरचा वेग १२०वरून ९०वर आणून ते आपलंसं केलं.

आता त्या साडेदहा किलोमीटरांतले शहराबाहेरचे किती, ते पाहा. साडेसहाच्या आसपास. म्हणजे माहितीपत्रकात जो एकच एक आकडा छापलेला असतो, त्यातलं सुमारे ६० टक्के अंतर गाडीने मोकळ्या रस्त्याच्या चालीने कापलेलं असतं. कसब्यात राहणाऱ्या, कार्यालयाला शिवाजीनगरला जाणाऱ्या आणि मुलीला टिळक रस्त्यावरच्या क्लासला सोडणाऱ्या माणसाला हा आकडा काय उपयोगाचा? त्याच्या आठवड्यात तो ६० टक्के मोकळा रस्ता येतो कुठून?

ॲव्हरेज विचारू नये म्हणणारे ते जाणकार इथे म्हणतील, की शहरातल्या भागाचा सरासरी वेग तरी पुण्याला जुळतो की. हे मात्र खरं आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. चाचणीच्या पहिल्या भागाचा सरासरी वेग ताशी १८-१९ किलोमीटर भरतो. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागतात असं नोंदलं आहे, जगात चौथं सर्वांत संथ शहर. हिशेब केला तर तोही वेग ताशी १८ किलोमीटरच येतो. आकडे अगदी हातात हात घालून उभे.

पण सरासरी तीच असली तरी चाल ती नसते. चाचणीत गाडी शून्यावरून ५० किलोमीटरच्या वेगाला पोचते ती २६ सेकंदांत. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा इथे जुळणी होणारी आउडी क्यू-थ्री क्वाट्रो, २ लिटरचं १९० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, शून्यावरून थेट १०० गाठते ७.३ सेकंदांत, असं कंपनीच अभिमानाने सांगते. अशी गाडी घेतलेला माणूस शनिवारवाड्यासमोर सिग्नल हिरवा झाल्यावर ५० गाठायला २६ सेकंद घेईल? मागचा रिक्षावाला त्याला घेऊ देईल? पेठेतली चाल म्हणजे झटका आणि ब्रेक, पुन्हा झटका आणि पुन्हा ब्रेक. दीड टनाच्या आसपासचं धूड प्रत्येक वेळी उचलायचं आणि १५ मीटरवर त्याची सगळी गती ब्रेकमध्ये जाळायची. चाचणीतला चालक संथ चढतो, संथ उतरतो, मध्ये बराच वेळ एकाच वेगात राहतो. कसब्यात एकाच वेगात सलग जायचं असेल तर पहाटे चारला निघावं लागेल.

त्यात एसी. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो आणि एप्रिलच्या दुपारी तो जवळजवळ थांबतच नाही. चाचणीत तो बंद. याच्याशी जोडलेली एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. या वर्गातल्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं आणि ब्रेकवरून पाय उचलला की सुरू होतं. चाचणीच्या शहरी भागातला ३० टक्क्यांच्या आसपास वेळ गाडी उभी असते, आणि एसी बंद असल्यामुळे ही सोय तिथे मनासारखं काम करते. कागदावरचा आकडा छान वाढतो. पुण्याच्या उन्हात मात्र केबिन गार ठेवायची तर इंजिन चालू राहावं लागतं, त्यामुळे ही सोय दुपारी बहुधा गप्प असते. शिवाय ‘बॅटरी लवकर जाते’ म्हणून अनेक मालक गाडी सुरू केल्या केल्या तिचं बटण दाबून ती बंदच करून टाकतात. कागदावर जी बचत दिसली ती गल्लीत कधी उगवलीच नाही.

आणि नुसतं उभं राहण्याची किंमत? २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन एसीसकट जागच्या जागी चालू ठेवायला ढोबळमानाने ताशी १ लिटर लागतं असं धरू. ताशी ९० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला हा खर्च १०० किलोमीटरमागे १ लिटरच्या थोडा वर पडतो, म्हणून महामार्गावर तो कुणाला जाणवत नाही. तोच ताशी १८च्या चालीने साडेपाच लिटर होतो. आणि फडके हौदापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत संध्याकाळी सातला जी चाल असते, ताशी ९ म्हणा, तिथे तो ११ लिटर होतो. गाडी पुढे ढकलायला एक थेंबही लागला नाही असं गृहीत धरलं, तरी नुसतं इंजिन जिवंत ठेवण्यापायी ॲव्हरेज ९च्या वर जाऊ शकत नाही. मग शोरूममध्ये सांगितलेले १५ आणि १७ कुठून मिळणार?

गार इंजिनाचंही तेच. चाचणीची सुरुवात गार इंजिनानेच होते हे खरं, पण पुढे साडेदहा किलोमीटर चालताना ते तापत जातं. कसब्यातून स्वारगेट ३ किलोमीटर, मंडई तर त्याहून जवळ. इंजिन, तेल आणि गिअरबॉक्स पुरते तापायच्या आत प्रवास संपतो आणि गाडी पुन्हा गार व्हायला उभी राहते. असे छोटे फेरे पेट्रोल सर्वांत जास्त खातात आणि सर्वांत घाण धूर सोडतात, कारण धूर साफ करणारं कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. बोरघाट किंवा कात्रजचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचतं, असं सांगणारी एक पिढी पुण्यात होती, आजही आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठाच तोडला जातो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन जळतं. वर उतारावर गाडीचा ताबा सुटतो तो वेगळाच. कितीदा समजावलं तरी हा समज मरत नाही, कारण तो मनातल्या ‘गाडीला आराम दिला’ या भावनेवर उभा आहे, मोजमापावर नाही. ॲव्हरेजचा वाद नेमका याच जागी अडकतो. माणसं मोजत नाहीत. एकदा ऐकलेला आकडा आयुष्यभर सांगत राहतात.

मोजलं तर काय निघतं हे युरोपाने पाहिलं. प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतली दरी तिथे २००१ मध्ये सुमारे ९ टक्के होती. इंटरनॅशनल काउन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने लाखो गाड्यांची आकडेवारी जमवून दाखवलं की २०१५ पर्यंत ती ४० टक्क्यांच्या पुढे गेली. रस्ते काही १४ वर्षांत तेवढे बिघडले नव्हते. गाड्या चाचणीपुरत्या हुशार होत गेल्या. मग युरोपाने ते वेळापत्रकच मोडीत काढलं आणि २०१७ पासून नवी, लांब आणि अधिक कठोर चाचणी लागू केली: अर्ध्या तासाची, २३ किलोमीटरची, १३०च्या वेगापर्यंत जाणारी. ज्या वेळापत्रकाला त्याच्या जन्मदात्यांनी निरोप दिला, त्याच्या भारतीय भावंडाचा आकडा कसब्यातल्या माणसाने डोळे मिटून मानावा, हा आग्रह कशासाठी?

टाकीतलं पेट्रोलही आता तेच राहिलेलं नाही. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच म्हटलं आहे, की जुन्या धाटणीच्या, १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. त्या मिश्रणासाठीच जुळवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के. ऊस पिकवणाऱ्या राज्यात इथेनॉलच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, पण तो वेगळा विषय. इथे एवढं ध्यानात ठेवायचं, की ६-७ टक्के हा आकडा ऑल-व्हील ड्राइव्हच्या नावाने जी ओरड चालते त्याहून मोठा आहे.

तिसरा मुद्दा तोच. चारही चाकं फिरतात म्हणून गाडी पिते, असं सांगताना जाणकारांच्या डोळ्यांसमोर जुनी जीप असावी. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि नेहमीच्या चालीत काम मुख्यतः पुढची चाकंच करतात. मागच्या डिफरन्शिअलजवळ एक क्लच असतो. पुढचं चाक घसरायला लागलं किंवा लागेलसं वाटलं, की संगणक तो क्लच आवळतो आणि ताकद मागे जाते. पुण्याजवळ रांजणगावात २०१७ पासून तयार होणाऱ्या जीप कंपासच्या फोर बाय फोरमध्ये तर गरज नसताना मागच्या आसाकडे जाणारा दांडा फिरायचाही थांबतो. नुकसान उरतं ते थोड्या जास्तीच्या वजनाचं आणि तेलात फिरणाऱ्या काही दातेरी चाकांचं.

किती नुकसान? बीएमडब्ल्यूची एक्स-वन घ्या, कारण ती एकाच इंजिनासह दोन्ही प्रकारांत विकली गेली. अमेरिकी सरकारच्या अधिकृत आकड्यांत २०२०च्या पुढच्या-चाकांच्या मॉडेलला एकत्रित २७ मैल प्रति गॅलन, चारही चाकांच्या मॉडेलला २६. आपल्या मापात अनुक्रमे साधारण ११.५ आणि ११ किलोमीटर. महिन्याला १,००० किलोमीटरवर सुमारे साडेतीन लिटरांचा फरक. गल्लीतल्या चालीने जो ११ लिटरांचा भुर्दंड वर निघाला, तो १०० किलोमीटरमागचा होता. हा साडेतीन लिटरांचा १,००० किलोमीटरमागचा आहे. आणि २०२३ मध्ये भारतात आलेली नवी एक्स-वन फक्त पुढच्या चाकांवर चालणारीच आली. तिच्या मालकाला पवळे चौकात वाट मोकळी मिळते असं कुणी ऐकलेलं नाही.

मर्सिडीज-बेंझची जीएलए तर चाकणला जुळते, कसब्यातून तास-दीड तासाच्या अंतरावर. तिच्या पुढच्या-चाकांच्या पेट्रोल गाडीचं जाहीर ॲव्हरेज १७.४, आणि चारही चाकांच्या डिझेल गाडीचं १८.९. ऑल-व्हील ड्राइव्ह असूनही जास्त! हा दाखला जाणकारांना निरुत्तर करायला पुरेसा आहे. पण त्यावरून चारही चाकांच्या ताकदीने ॲव्हरेज वाढतं असं सांगत सुटणं तितकंच खोटं ठरेल. डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा १०-१२ टक्के ऊर्जा जास्त असते, आणि लिटर जाळल्यावर कार्बन डायऑक्साइडही जास्त निघतो: पेट्रोलला सुमारे २.३ किलो, डिझेलला २.६च्या वर. त्या हिशेबाने जाहीर आकड्यांवर पेट्रोलची जीएलए किलोमीटरला १३३ ग्रॅमच्या आसपास सोडते आणि डिझेलची १४०च्या आसपास. ज्या गाडीचं ॲव्हरेज चांगलं ती हवेला अधिक जड. लिटरमागे किलोमीटर हा एकच आकडा पुढे धरून गाड्यांची तुलना करणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटतं.

खरा दोषी कोण मग? गाडीची उंची, रुंदी आणि वजन. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे एसयूव्ही मध्यम आकाराच्या साध्या गाडीपेक्षा सरासरी २०० ते ३०० किलो जड असते आणि सुमारे २० टक्के जास्त कार्बन सोडते. ऑल-व्हील ड्राइव्हच्या जेमतेम ४ टक्क्यांच्या मागे काठी घेऊन धावायचं आणि वजन-आकाराच्या २० टक्क्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही जाणकारी कसली? आपला नियमही इथे सैल आहे. २०२२-२३ पासून लागू झालेल्या इंधन-कार्यक्षमतेच्या दुसऱ्या टप्प्यात कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅम ठरवली आहे, पण ती १,०८२ किलो सरासरी वजन धरून. ज्या कंपनीच्या गाड्या त्याहून जड, तिला मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून मिळते. वजन वाढवलं की सूट वाढते, हा नियम बदलला पाहिजे.

शिवाय चारही चाकांची ताकद ही काही उधळपट्टी नाही. जुलै महिन्यात ताम्हिणीत किंवा वरंध घाटात ओल्या वळणावर, चिखल वाहून आलेल्या चढावर ती यंत्रणा गाडी सरळ ठेवते. ज्याचं गाव भोर-वेल्ह्याकडे आहे, ज्याला पावसाळ्यात दर आठवड्याला जावं लागतं, त्याने महिन्याचे साडेतीन लिटर आनंदाने मोजावेत. टायर झिजलेले असतील तर मात्र चारही चाकं फिरून उपयोग नाही, हेही त्याने लक्षात ठेवावं.

रस्ते रुंद केले की गाड्या सुरळीत धावतील आणि ॲव्हरेज आपोआप सुधारेल, असंही जाणकार जाता जाता सुचवतात. पेठांतले रस्ते रुंद करण्याचा वाद पुण्यात आजोबांच्या काळापासून चालू आहे, आणि जिथे जिथे रुंदी वाढली तिथे काही वर्षांत गाड्याही तेवढ्याच वाढल्या. कसब्यातले उरलेसुरले वाडे पाडून चार फूट मिळवण्याने २ लिटरचं इंजिन कमी पिणार नाही.

तर मग करायचं काय? कसब्यातल्या माणसाने अशी गाडी घेऊच नये, असं सांगण्याचा हेतू नाही. गाडी घ्यावी, चारही चाकांची हवी तर तीही घ्यावी. पण शोरूममध्ये बसल्यावर पहिल्या पाच प्रश्नांत ॲव्हरेजचा प्रश्न असावा आणि तो विचारताना आवाज खाली जाऊ नये. टेस्ट ड्राइव्ह मुंबई-बंगळूर बायपासवर न घेता संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरून एसी लावून घ्यावी आणि पडद्यावरचा आकडा १०० किलोमीटरला लिटर या मापात लावायला सांगावं. या गाड्यांत ती सोय असते. गाडी घरी आली की पडद्यावर विसंबू नये. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर टिपावेत, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच भरून भागाकार करावा. सिग्नलला इंजिन बंद करणारं बटण सकाळच्या गारव्यात तरी चालू राहू द्यावं. आणि ३ किलोमीटरच्या कामाला ती गाडी काढूच नये. २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठेखाली मेट्रोचं स्थानक आहे; मंडई पुढच्याच स्थानकावर आणि स्वारगेट त्यापुढच्या.

नियम करणाऱ्यांकडे मागणं एकच आहे, आणि त्यासाठी नवं यंत्र, नवी खोली, नवं बजेट काही लागत नाही. चाचणीच्या दोन भागांचा धूर आजही वेगवेगळ्या पिशव्यांत जमा होतो आणि वेगवेगळा मोजला जातो. युरोपात जुनी चाचणी चालू होती तेव्हा गाडीच्या माहितीपत्रकात शहरातला, शहराबाहेरचा आणि एकत्रित असे तीन आकडे छापलेले असत. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती एकच पडतो. तो १३ मिनिटांचा, ४ किलोमीटरांचा पहिला भाग एसी चालू ठेवून एकदा घ्यावा, त्याचा आकडा वेगळा छापावा, आणि काचेवरच्या चिकटपत्रावर किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात लावावा. ५० लाखांच्या गाडीवर तर आधी.